व्हिडिओ गेमचा उडालेला स्टिकर पुन्हा बनवताना

वणीत एखाद्या रेडियमवाल्याच्या दुकानापुढे दहा मिनिटं उभं राहून बघा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोरांची नावं, गडावर भाडं मारणाऱ्या जीपच्या मागच्या काचेवर ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’, मोटारसायकलच्या टाकीवरचे पट्टे, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, सगळं त्याच्या हाताखालून जातं. आपण अजून त्याला रेडियमवालाच म्हणतो, पण तो कापतो ते विनाइल, म्हणजे पाठीला गोंद लावलेला प्लास्टिकचा पापुद्रा. माळ्यावर पडलेल्या जुन्या व्हिडिओ गेमचा उडालेला स्टिकर पुन्हा बनवायला लागणारं जवळजवळ सगळं सामान या माणसाकडे असतं. अचूक माप आणि स्वच्छ चित्र मात्र आपण न्यायचं असतं, आणि काम बिघडतं ते नेमकं तिथेच.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे डबे आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात विक्रीला आलं. पांढरट आणि मरून रंगाचं अंग, हातात धरायच्या रिमोटवर सोनेरी पट्टी. त्याची भावंडं आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी पोचली. कुणी मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणली, कुणी नाशिकहून. सेगाची यंत्रं शॉ वॉलेसने आणली, पण ती महाग असल्यामुळे थोड्यांच्याच घरी गेली.

या नकलांची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतला बोर्ड तोच, बाहेरचा साचाही पुष्कळदा तोच, आणि नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं. ते नाव देणारी एकच गोष्ट म्हणजे कपाळावरचा स्टिकर. तो गेला की आपल्याकडे कुठला डबा होता हे शेजाऱ्यालाच काय, आपल्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी या कामाला सजावट म्हणत नाही, दुरुस्तीच म्हणतो.

पहिलं काम: तो खरोखर स्टिकर आहे का ते बघायचं. टॉर्च आडवी धरून कडेवर प्रकाश पाडा. कडेला बारीक पायरी दिसली, नखाला लागली, तर स्टिकर. पायरीच नसेल आणि अक्षरं थेट प्लास्टिकवर असतील, तर ते स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका छापतात त्याच जातीची ती छपाई. ‘पॉवर’, ‘रीसेट’ ही अक्षरं बहुधा अशीच असतात. तिसरा प्रकार थोडा फसवा आहे. चित्र गुळगुळीत, चकचकीत दिसतं, नखाने ओरखडा पडत नाही, कारण छपाई पारदर्शक प्लास्टिकच्या मागच्या बाजूला असते. ती उलटी, आरशातल्यासारखी छापून मग चिकटवलेली असते. हे आधी ओळखलं नाही तर पुढे सगळं सरळ छापून बसाल आणि चकाकी कुठे गेली ते कळणार नाही.

दुसरं काम: काहीही खरवडण्याआधी नोंद करा. २०२२ साली सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढून मूळ रूप मोकळं केलं, त्यासाठी मंदिर दीड महिना बंद ठेवलं होतं. आपलं काम त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण शिस्त तीच: एकदा काढलेला थर परत येत नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून फोटो घ्या. स्टिकर खोबणीत बसवलेला आहे की सपाट पृष्ठावर, वरच्या कडेपासून किती अंतरावर आहे, थोडा तिरका आहे का, हे वहीत लिहा. पुष्कळ यंत्रांवर कारखान्यातच तिरका लावलेला असतो.

खालच्या लेबलाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथली चूक यंत्राला महागात पडते. यंत्राच्या पोटावर एक साधं, कंटाळवाणं लेबल असतं. त्यावर ॲडॅप्टरचे व्होल्ट लिहिलेले असतात आणि एक छोटी खूण असते: मधे ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, दोन्हीकडे अधिक-उणे. पिनच्या मधल्या भागात अधिक येतं की उणे, हे ती खूण सांगते. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट लागतात आणि मधे उणे असतं. नकला पुष्कळदा ९ व्होल्टच्या असतात, आणि आपल्या यंत्रात मधे काय आहे ते त्याच्या लेबलावरूनच कळतं. हौसेने दुसऱ्याच्या यंत्राचं लेबल उतरवून आपल्या यंत्राला लावलं आणि पुढे कुणी ते वाचून ॲडॅप्टर जोडला, तर नव्या सुंदर स्टिकरसकट बोर्ड जळायचा. लेबल वाचता येत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बोर्ड तपासून घ्या आणि मगच छापा.

तिसरं काम मापाचं. शाळेच्या पट्टीने भागत नाही. व्हर्नियर कॅलिपर हवं, म्हणजे जबड्यात वस्तू धरून मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं माप. नवीन घ्यायची गरज नाही. सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत काम केलेला एखादा पाहुणा आपल्या घरोघरी असतोच, त्याच्या पेटीत ते सापडतं. माप स्टिकरचंही घ्या आणि खोबणीचंही. खोबण ६३.० बाय १८.८ मिलिमीटर असेल, तर स्टिकर ६२.४ बाय १८.२ करायचा. चारी बाजूंना ०.३ मिलिमीटर मोकळं राहतं. ‘बरोब्बर तेवढाच’ करण्याचा मोह आवरा. बरोब्बर तेवढा स्टिकर खोबणीच्या भिंतीवर चढतो आणि आठ दिवसांत त्याची कड उचलते.

चौथं काम: चित्र कॉम्प्युटरवर आणणं. जुना स्टिकर सपाट असेल तर स्कॅनरवर ६०० डीपीआय ठेवून घ्या. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ६०० ला आपला ६२.४ मिलिमीटरचा स्टिकर साधारण १४७४ ठिपक्यांचा होतो, आणि बारीक अक्षराची कड त्यात नीट दिसते. अख्खं यंत्र स्कॅनरवर पालथं घालता येतं, पण घरगुती स्कॅनर काचेला टेकलेला भागच स्पष्ट वाचतो. खोबणीत दोन मिलिमीटर आत असलेला स्टिकर धूसर येतो. मग मोबाइल वापरा, पण जवळ जाऊन नको. जवळून घेतलेल्या फोटोत सरळ रेषा पोटाला फुगते. दोन-तीन फूट लांब, बरोबर समोर उभं राहून दुप्पट झूम करा आणि स्टिकरशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो घ्या. पुढे त्या पट्टीवरूनच माप जुळवायचं.

फोटो किंवा स्कॅन थेट छापायला देऊ नका. त्यात तीस वर्षांचे ओरखडे, धूळ आणि बोटांचे डाग आहेत, तेही इमानाने छापले जातील. चित्र नव्याने, रेषांनी काढायचं. वेक्टर म्हणतात ते हेच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि वळणं साठवणारं चित्र, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत कोरल ड्रॉ चालतं. घरी करायचं असेल तर इंकस्केप फुकट मिळतं. स्कॅन खाली ठेवा, त्याला कुलूप लावा आणि वर गिरवत जा. ‘ऑटो ट्रेस’ नावाचं बटण एका झटक्यात गिरवून देतं, पण गोल अक्षरांना बटाट्यासारखी टोकं आणतं. पाच-सात अक्षरं हाताने गिरवायला तासभर लागतो, तो लागू द्या.

गिरवताना एक प्रश्न हटकून येतो. नकली यंत्रांवर इंग्रजी स्पेलिंग पुष्कळदा चुकलेलं असतं. माझ्या डब्यावर ‘एन्टरटेनमेंट’मधली दोन अक्षरं एकमेकांच्या जागी बसली आहेत. लहानपणी कळलं नव्हतं, गिरवताना कळलं. माझ्या भाचीने ते चटकन दुरुस्त करून दिलं आणि मी ते परत चुकीचं केलं. आपल्या हातातला डबा त्या चुकीसकट विकला गेला होता, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या डब्यापासून त्याला वेगळं काढणारी हीच एक खूण असू शकते. चूक सुधारलेला स्टिकर सुंदर दिसेल, पण तो मग दुसऱ्याच यंत्राचा होईल. दुकानातला मुलगाही ‘काका, स्पेलिंग चुकलंय’ म्हणत आपण होऊन बदलतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.

रंगाचं काम इथेच उरकायचं. फिकट झालेल्या स्टिकरवरून रंग उचलला तर नवा स्टिकर जन्मतःच म्हातारा निघतो. स्टिकरची जी कड खोबणीच्या सावलीत होती किंवा प्लास्टिकच्या ओठाखाली दबली होती, तिथे मूळ रंग बहुधा शिल्लक असतो, तो घ्या. कॉम्प्युटरचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत लाल कागदावर विटकरी पडतो. यावर अक्कल चालवण्यापेक्षा एका पट्टीवर लालच्या सहा छटा शेजारी शेजारी छापून घ्या, प्रत्येकीखाली आकडा टाका आणि ती पट्टी यंत्राला लावून ओट्यावर, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवलेला रंग घरी गेल्यावर दगा देतो.

सोनेरी आणि चंदेरी रंग नेहमीच्या चार शायांतून निघत नाहीत. छापलेलं सोनं मोहरीच्या रंगाचं दिसतं. त्यासाठी मुळातच सोनेरी किंवा घासलेल्या स्टीलसारखं विनाइल घ्यायचं आणि त्यावर बाकीची शाई छापायची. मोटारसायकलला लावतात ते क्रोम विनाइल मात्र घेऊ नका. ते आरशासारखं चमकतं, जुन्या यंत्रावर नवरदेवाच्या घोड्याचा साज घातल्यासारखं वाटतं.

आता फाइल दुकानात पोचवायची. इथे तीन गोष्टी रोज बिघडतात. एक, आपण फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतो, तो आपसूक लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह न्या. दोन, आपल्याकडचा फॉन्ट दुकानाच्या कॉम्प्युटरवर नसतो आणि अक्षरांचं वळणच बदलतं. पाठवण्याआधी अक्षरांचं रेषाचित्र करून टाका. कोरल ड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह’ म्हणतात ते हेच. तीन, छापताना ‘फिट टू पेज’ चालू राहतं आणि चित्र चार-पाच टक्क्यांनी आकसतं किंवा फुगतं. म्हणून चित्राच्या शेजारी बरोबर ५० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. छापल्यावर ती पट्टीने मोजली की आकार शंभर टक्के आला की नाही ते लगेच कळतं.

आधी साध्या कागदावर छापून, कात्रीने कापून खोबणीत बसवून बघा. दहा रुपयांचं काम आहे. माझं पहिलं माप इथेच फसलं. खोबणीचे कोपरे गोल होते आणि मी काटकोन काढले होते.

छपाई कुठल्या मशीनवर होणार हे विचारायला लाजू नका. फ्लेक्सचं मशीन बॅनर छापतं. बॅनर वीस फुटांवरून वाचायचा असतो, म्हणून त्याचे ठिपके मोठे चालतात. आपल्या स्टिकरवरचं दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर त्यावर चिरडून निघतं. आपल्याला हवं इको-सॉल्व्हंट मशीन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी थेट विनाइलवर छापणारं. नाहीतर डिजिटल प्रेस, म्हणजे १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचांच्या स्टिकर शीटवर छापणारं मोठं लेझर मशीन. गावात नसेल तर नाशिकला मिळतंच. नवरात्र, चैत्री यात्रा आणि निवडणूक, या तीन हंगामांत मात्र दुकानात पाऊल टाकू नका. कारागीर बॅनरच्या राड्यात असतो, आपल्या दोन इंची स्टिकरकडे तो बघणार नाही, आणि बघितलंच तर घाईत बघेल.

विनाइलही एकाच जातीचं नसतं. सगळ्यात स्वस्त ते मोनोमेरिक. दुकानाच्या पाटीला ठीक, पण काही महिन्यांत ते थोडं आकसतं आणि कडेला गोंदाची चिकट रेघ उघडी पडते. त्या रेघेवर धूळ बसली की स्टिकरभोवती काळी चौकट तयार होते. पॉलिमेरिक त्यापेक्षा स्थिर, आपल्या कामाला पुरेसं. कास्ट विनाइल सगळ्यात पातळ, साधारण ५० मायक्रॉनचं. वळणावर ते छान बसतं, पण महाग. सपाट खोबणीसाठी मी पॉलिमेरिकच सांगेन. पारदर्शक विनाइलवर छापायचं असेल तर खाली पांढऱ्या शाईचा थर देता येतो का ते विचारा. तो नसेल तर खालचं काळं प्लास्टिक सगळे रंग पिऊन टाकतं.

एका शीटवर सहा-सात प्रती काढून घ्या. शीटचे पैसे तेवढेच. शाईचा रंग चित्राच्या कडेबाहेर दीड-दोन मिलिमीटर सांडू द्या, त्याला ब्लीड म्हणतात. कापताना ब्लेड केसभर सरकलं तर पांढरी कड दिसू नये म्हणून ही सोय.

छापून झालं की सगळ्यांना घाई होते. इको-सॉल्व्हंट शाईत द्रावक असतो आणि तो उडून जायला किमान २४ तास लागतात. शीट गुंडाळून ठेवू नका, सुटी टांगा किंवा पसरा. ओल्या शाईवर लॅमिनेशन केलं की द्रावक आतच कोंडतो, गोंद मऊ पडतो आणि महिनाभरात कडा वर वळतात. मग आपण गोंदाला शिव्या देतो, आणि गुन्हेगार घाई असते.

लॅमिनेशन म्हणजे वरून पारदर्शक संरक्षक पापुद्रा. तो कोल्ड लॅमिनेशनचाच हवा, नुसत्या दाबाने चिकटणारा. आधारकार्डाला करतात ते गरम पाऊच इथे चालत नाही. तो कडक होतो आणि वळणावर बसत नाही. चकचकीत की मॅट, हे मूळ स्टिकर बघून ठरवा. नकलांचे स्टिकर बहुधा चकचकीतच होते. डिजिटल प्रेसच्या प्रतीला द्रावकाची वाट बघावी लागत नाही, पण लॅमिनेशन तिलाही करा, नाहीतर बोटांनी घासून टोनर उडतो.

कापण्याचं काम प्लॉटर करतो, म्हणजे पेनाऐवजी ब्लेड धरून फिरणारं मशीन. ब्लेड वरचा थर कापतं आणि खालचा मेणकट कागद शाबूत ठेवतं. खोली जास्त झाली की कागदही कापला जातो आणि स्टिकर सोलताना कागदाचे तुकडे मागे चिकटून येतात. म्हणून कोपऱ्यात आधी एक छोटा चौकोन कापून सोलून बघायला सांगा. कोपरे टोकदार ठेवू नका, अर्धा ते एक मिलिमीटर गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यात बोट आणि कपडा अडकतो, आणि उचकटायला सुरुवात नेहमी तिथूनच होते.

कापल्यावर जादाचं विनाइल काढायचं असतं. इंग्रजीत या कामाला चक्क तण काढणं म्हणतात, आपल्या निंदणीचंच नाव. सुट्या अक्षरांचा स्टिकर असेल तर ए, ओ, आर यांच्या पोटातला इवलासा तुकडा सुईने उचला आणि पट्टी वर न ओढता, मागे दुमडल्यासारखी सावकाश सोला. वर ओढलं की पिकासकट तण येतं.

आता यंत्राकडे. चार-सहा स्क्रू काढून वरचं झाकण सुटं करा आणि बोर्ड बाजूला ठेवा. पाण्याचं आणि उष्णतेचं काम फक्त सुट्या झाकणावर. जुना स्टिकर केस वाळवायच्या ड्रायरने मिनिटभर कोमट करा, एक कोपरा नखाने उचला आणि अगदी सपाट कोनात मागे ओढा. निघालेला स्टिकर फेकू नका. तो मेणकट कागदावर चिकटवून वहीत ठेवा.

मागे उरलेला गोंद काढणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात धोक्याचा भाग. घरात नेलपॉलिश रिमूव्हर असतो, गॅरेजमध्ये थिनर असतो, गाडीत पेट्रोल असतं, आणि हात नेमका तिकडेच जातो. तिन्ही नकोत. ही झाकणं एबीएस किंवा पॉलिस्टायरिन प्लास्टिकची असतात. ॲसिटोन आणि थिनर ते विरघळवतात. पुसायला जावं तर पृष्ठ चिकट होतं, बोटांचे ठसे उमटतात, आणि ते ठसे कायमचे. त्याऐवजी मेडिकलमधून निलगिरीचं तेल आणा. कापसाचा बोळा त्यात भिजवून गोंदावर पाच मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको, आणि आधी झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. गोंद शेवाळासारखा सुटायला लागतो. मग अंगठ्याच्या पोटाने गोल गोल घासलं की त्याच्या करड्या वळ्या निघतात. ब्लेड वापरू नका, जुनं एटीएम कार्ड चालतं.

निलगिरीचा तेलकटपणा राहिला तर नवा स्टिकर धरणार नाही. भांड्याच्या साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हमखास असतं. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही तेलच.

झाकण पिवळं पडलं असेल तर तो डाग स्टिकरआधी काढायचा. ऊन, उष्णता आणि प्लास्टिकमध्ये घातलेली आग-रोधक रसायनं यांच्या मेळाने ते पिवळं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून उन्हात ठेवल्यावर बरंच उजळतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि क्रीम सुकू देऊ नका, नाहीतर पांढरे ढग उमटतात. हा स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच.

चिकटवण्यासाठी दुपार निवडा. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आपल्याकडेही सकाळी प्लास्टिक गार असतं, आणि गार प्लास्टिकवर गोंद पसरत नाही. झाकण थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवून हाताला कोमट लागलं की घ्या. पंखा बंद करा, धूळ बसते.

स्टिकर लहान असला तर कोरडाच लावा. मागच्या कागदाची एका टोकाची पाच मिलिमीटर पट्टी सोलून कागद मागे दुमडा. स्टिकर खोबणीवर तरंगत धरा, चारी बाजूंची फट डोळ्यांनी सारखी करा, आणि मगच ती पाच मिलिमीटरची पट्टी टेकवा. वाकडी गेली तर एवढंच उचलायचं असतं. सरळ बसली की एका हाताने कागद मागे ओढत जा आणि दुसऱ्या हाताने, कार्डाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळून, मधून कडेकडे दाबत जा. अख्खा कागद एकदम सोलून स्टिकर दोन बोटांत धरला की तो स्वतःलाच चिकटतो. माझ्या सात प्रतींपैकी दोन अशाच गेल्या.

स्टिकर तळहातापेक्षा मोठा असेल तर रेडियमवाल्याची पद्धत वापरा. अर्धा लिटर पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकून जागेवर फवारा मारा. पाण्यावर स्टिकर सरकवता येतो. जागा जमली की मधून बाहेर पाणी ढकलून काढा. एखादा बुडबुडा राहिलाच तर सुईने कडेला टोचून दाबा, मधोमध टोचू नका. शेवटी ड्रायरची ऊब फिरवून पुन्हा एकदा कडा दाबा. गोंदाला पूर्ण पकड यायला एक-दोन दिवस लागतात. तोवर पोरांना रिमोट देऊ नका.

‘पॉवर’, ‘रीसेट’सारख्या थेट छापलेल्या बारीक अक्षरांसाठी विनाइल जाड पडतं. त्यासाठी पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र, म्हणजे वॉटरस्लाइड, वापरतात. पूर्वी नकाशे काढणारे लेट्रासेटची अक्षरं घासून उतरवायचे, तीही चालतात. कुठे सापडली तर घ्या. दोन्हींवर शेवटी पारदर्शक लॅकरचा हलका फवारा लागतो, आधी आतल्या बाजूला करून बघायचा. गेमच्या कॅसेटची लेबलं सगळ्यात सोपी. मुळात ती चकचकीत कागदाचीच असायची, डिजिटल प्रेसच्या कागदी स्टिकर शीटवर हुबेहूब निघतात. ‘९९९९९९९ इन १’ हा आकडा कॅसेटमध्ये तेव्हाही नव्हता, तरी लेबलावर तोच छापा.

आपल्या डब्यासाठी नाव छापणं आणि ते नाव लावून डबे विकणं यांत फरक आहे. निन्टेन्डो, सेगा ही चालू कंपन्यांची नोंदलेली नावं आहेत. नव्या स्टिकरसह यंत्र कुणाला दिलंत, तर स्टिकर नवा आहे हे तोंडाने सांगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहून ठेवा.

उरलेल्या प्रती सपाट फाइलमध्ये, अंधारात ठेवा, गुंडाळी करू नका. माझ्याकडे पाच उरल्या होत्या. एक यंत्रावर लागली, तीन फाइलमध्ये आहेत, आणि एक भाच्याने त्याच्या सायकलच्या मडगार्डवर लावली. ती मी हाताने कापलेली होती. एक पावसाळा गेला. रंग जागच्या जागी आहे, लॅमिनेशन आहे. उजव्या हाताचा वरचा कोपरा तेवढा उचकटलाय. तो गोल करायचा राहिला होता.